विश्लेषण : फिश टँकमध्ये गोगलगायींची फौज; दोष पाणवनस्पतीचा, दुकानदाराचा की खाद्याच्या डब्याचा?

पाणवनस्पतीच्या एका जुडीबरोबर दोन-चार गोगलगायी घरातल्या मत्स्यालयात येतात आणि दोन महिन्यांत काचेवर, फिल्टरवर, वाळूत जिकडे तिकडे त्याच दिसू लागतात. मग ‘गोगलगाय मारण्याचे औषध’ आणले जाते आणि दुसऱ्या दिवशी अनेकदा मासेच पोट वर करून तरंगताना सापडतात. एकीकडे प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून २०२० पासून शोभिवंत मत्स्यपालनाला सरकारी प्रोत्साहन मिळत आहे. दुसरीकडे परकीय आक्रमक प्रजातींबाबतची तरतूद २०२३ पासून देशात लागू झाली आहे. या दोन्हींच्या मधोमध दिवाणखान्यातली ५०-६० लिटरची टाकी उभी आहे. तिच्यातल्या गोगलगायींचे करायचे काय आणि त्या बाहेर गेल्या तर काय होते, याचा हा वेध.

टाकीत आलेली गोगलगाय नेमकी कोणती?

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण साळसूद दिसणाऱ्या पण आतल्या गाठीच्या माणसासाठी वापरली जाते. प्राणिशास्त्रात मात्र तो शब्दशः वर्गीकरणाचा निकष आहे. गोगलगायींच्या वर्गाचे नावच ‘उदरपाद’, म्हणजे पोटाशी पाय असणारे. घरच्या टाकीत न बोलावता येणाऱ्या उदरपादांचे चार प्रकार प्रामुख्याने दिसतात आणि ते ओळखता आले तर निम्मा गोंधळ कमी होतो.

पहिली ‘ब्लॅडर स्नेल’, शास्त्रीय नाव फायसेला अक्युटा. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले तर हिचे तोंड डाव्या हाताला येते. बहुतेक गोगलगायींचे उजव्या हाताला येते. ही मूळची उत्तर अमेरिकेची मानली जाते आणि आता जगभर पसरली आहे. दुसरी चपट्या चकलीसारख्या शंखाची ‘रॅम्सहॉर्न’. भारतातल्या तळ्यांत, भातखाचरांत आणि डबक्यांत आढळणारी इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस ही याच कुळातली. तिसरी ‘मलेशियन ट्रम्पेट’, लांब निमुळत्या शंखाची, दिवसभर वाळूत दडणारी आणि रात्री बाहेर पडणारी. नावात मलेशिया असले तरी ती भारतीय नद्या-ओढ्यांचीही रहिवासी आहे. चौथी लिम्निया कुळातली ‘पाँड स्नेल’. हिचे शिंगासारखे स्पर्शक त्रिकोणी व चपटे असतात आणि शंखाचे तोंड उजवीकडे असते. ब्लॅडर स्नेलचे स्पर्शक धाग्यासारखे बारीक असतात. चौघींत निरोगी, जिवंत पाने कुरतडण्याची खोड मुख्यतः हिला. बाकीच्या तिघी सडलेली पाने, शेवाळ आणि उरलेले खाद्य यांवर जगतात. पानाला भोक दिसले आणि त्यावर गोगलगाय दिसली की गुन्हा सिद्ध झाला असे समजले जाते. बहुतेक वेळा पान आधीच मेलेले असते आणि गोगलगाय फक्त आवराआवर करत असते.

इथे एक खुलासा हवा. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात सोयाबीनची कोवळी रोपे फस्त करणाऱ्या शंखी गोगलगायी या जमिनीवरच्या होत्या. त्यांच्यासाठी वापरले जाणारे मेटाल्डिहाइडचे आमिष टाकीच्या आसपासही आणू नये.

एवढ्या वेगाने त्या वाढतात कशा?

ब्लॅडर स्नेल, रॅम्सहॉर्न आणि पाँड स्नेल या उभयलिंगी आहेत. जोडीदार मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर ब्लॅडर स्नेल स्वतःच्याच बीजाने अंडी फळवू शकते. म्हणजे ‘एकच तर आहे, राहू दे’ हा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकतो. अंडी पारदर्शक चिकट जेलीच्या पुंजक्यात, पानाच्या मागच्या बाजूला किंवा काचेच्या कोपऱ्यात घातली जातात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात ती आठवडा-दोन आठवड्यांत फुटतात आणि पिल्ले साधारण दीड-दोन महिन्यांत स्वतः अंडी घालू लागतात. ट्रम्पेटची तऱ्हा आणखी वेगळी. ती अंडी घालतच नाही. शरीरातल्या पिशवीत पिल्ले वाढवून जिवंत पिल्लेच बाहेर सोडते आणि त्यासाठी नराची गरज सहसा लागत नाही. एका मादीपासून तिच्याच प्रतिकृतींची वसाहत उभी राहते.

समजा, एका ब्लॅडर स्नेलने आठवड्याला २० अंडी घातली आणि त्यातली निम्मीच जगली, तरी महिनाभरात ४० नव्या गोगलगायी होतात. पण हे गणित कागदावरचे. प्रत्यक्षात किती जगतील, हे अंड्यांच्या संख्येवर ठरत नाही. टाकीत खायला किती आहे त्यावर ठरते. सगळ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. गोगलगायींची संख्या म्हणजे वाया गेलेल्या खाद्याचा मोजता येणारा आकडा. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तर ५६ लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता जेमतेम ४५ लिटर उरते. त्यात आठ-दहा गप्पी किंवा मॉली. घरातले लहान मूल सकाळी चिमूटभर खाद्य टाकते, आजोबा दुपारी टाकतात, ऑफिसातून आलेला मुलगा ‘मासे भुकेले दिसतात’ म्हणून रात्री पुन्हा टाकतो. मासे सदैव भुकेलेच दिसतात, तो त्यांचा स्वभाव आहे. उरलेले खाद्य वाळूत जाते आणि गोगलगायींचे पीक वर येते.

औषध टाकले की मासे का मरतात?

गोगलगाय मारण्याच्या अनेक औषधांत मुख्य घटक तांब्याचे क्षार, बहुधा कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद असतो. मृदुकाय प्राण्यांना तांबे फार लवकर बाधते. मात्र तेच तांबे माशांच्या कल्ल्यांनाही इजा करते आणि कोळंबीसाठी तर ते विषच. गोगलगाय मरेल आणि मासा वाचेल अशी मात्रा असते, पण तिची पट्टी अरुंद आहे. शिवाय ती पाण्याच्या जडपणावर बदलते. मऊ पाण्यात तांबे जास्त विषारी ठरते. मुंबईत तानसा, वैतरणा, भातसा अशा पावसाच्या पाण्याच्या तलावांतून येणारे पाणी मऊ असते. अनेक उपनगरांतले आणि सोसायट्यांतले बोअरवेलचे पाणी जड. बाटलीवर ‘इतक्या लिटरला इतके थेंब’ एवढेच छापलेले असेल, तर एका घरात निभावलेली मात्रा दुसऱ्या घरात मासे मारू शकते. लोच, कॅटफिश यांसारख्या खवले नसलेल्या किंवा बारीक खवल्यांच्या माशांना धोका अधिक. शिवाय तांबे वाळूत आणि सजावटीच्या दगडांत अडकून राहते. पाणी बदलून, सगळे विसरून, सहा महिन्यांनी हौसेने आणलेल्या कोळंब्या एकेक करून मरतात, त्याचा धागा या बाटलीपर्यंत जाऊ शकतो.

पण तांब्याची मात्रा अगदी बरोबर पडली तरी दुसरा तडाखा बाकी असतो आणि तो अधिक नेमाने बसतो. ४५ लिटर पाण्यात शंभरेक गोगलगायी एका रात्रीत मेल्या की त्यातल्या बऱ्याच वाळूत गाडलेल्या, दगडामागे पडलेल्या असतात. त्या दिसत नाहीत, काढता येत नाहीत. त्यांचे मांस सडते, त्यातून अमोनिया सुटतो आणि सडवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. फिल्टरमधल्या उपयुक्त जिवाणूंना अमोनिया हळूहळू नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलण्याची सवय असते. अचानक आलेला लोंढा त्यांना पेलत नाही. उन्हाळ्यात पाणी गरम असेल आणि त्याची अल्कता जास्त असेल तर त्याच अमोनियाचा अधिक हिस्सा विषारी रूपात राहतो. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून श्वास घेऊ लागतात. घरच्यांना वाटते औषध ‘गरम पडले’. खरे तर ते मेलेल्या गोगलगायींचे विष असते.

यात एक उपरोधही आहे. ब्लॅडर स्नेल, रॅम्सहॉर्न आणि पाँड स्नेल पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात. त्यामुळे पाण्यातला प्राणवायू संपल्यावर आधी मासे गुदमरतात आणि औषधातून बचावलेल्या थोड्या गोगलगायी तग धरतात. अंड्यांचे पुंजके तर जेलीच्या आवरणात अनेकदा शाबूत राहतात. पंधरा दिवसांनी टाकीत पुन्हा पिल्ले, आणि आता त्यांच्याबरोबर वाटेकरी मासेही कमी.

मिठाचा मारा हा घरगुती उपायही याच जातीचा. गोगलगाय मरेल इतके मीठ टाकले तर पाणवनस्पती आधी मान टाकतात.

गोगलगाय खाणारा मासा आणावा का?

दुकानात हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘लोच टाका, साफ करून टाकेल’. सल्ला चुकीचा नाही; लोच जातीचे अनेक मासे गोगलगायी आवडीने खातात. प्रश्न पुढचा आहे. नारिंगी अंगावर काळे पट्टे असलेला क्लाऊन लोच दुकानात दोन इंचांचा दिसतो. सुमात्रा आणि बोर्निओच्या नद्यांतला हा मासा वाढून फूटभर होऊ शकतो, वीस वर्षांहून अधिक जगू शकतो आणि त्याला पाच-सहा जणांचा कळप लागतो. दोन फुटी टाकीत तो ठेवणे म्हणजे उंदीर मारायला घरात बिबट्या पाळण्यासारखे आहे. उत्तर भारतातल्या नद्यांमधला यो-यो लोचही या आकाराच्या टाकीला मोठाच.

मग पर्याय म्हणून पुढे येतो तो झेब्रा लोच, बोटिया स्ट्रायाटा. तीन-सव्वातीन इंचांत राहणारा, अंगावर बारीक पट्टे असलेला, शांत. नेमका हाच मासा पश्चिम घाटाखेरीज जगात कुठेही नैसर्गिकरीत्या आढळत नाही. कृष्णा खोऱ्यातल्या, म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या स्वच्छ, वाहत्या प्रवाहांत तो राहतो आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे. छोट्या टाकीसाठी सुचवला जाणारा दुसरा भक्षक म्हणजे वाटाण्याएवढा ‘पी पफर’, कॅरिनोटेट्राओडॉन ट्रॅव्हनकोरिकस. तोही पश्चिम घाटाच्या दक्षिण टोकाकडचा, केरळ-कर्नाटकातला. लाल यादीत ‘असुरक्षित’. शिवाय तो इतर माशांचे पर कुरतडतो, ही गोष्ट दुकानात सहसा सांगितली जात नाही.

२०१३ मध्ये ‘बायोलॉजिकल कन्झर्वेशन’ या नियतकालिकात भारतीय आणि परदेशी संशोधकांनी मिळून एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००५ ते २०१२ या काळात भारतातून गोड्या पाण्यातल्या ३० संकटग्रस्त प्रजातींचे १५ लाखांहून अधिक मासे शोभेसाठी निर्यात झाल्याचे त्यात दिसले. त्यात मोठा वाटा असलेल्या मोजक्या प्रजातींत हे दोघेही होते, झेब्रा लोच आणि पी पफर. परदेशातल्या हौशी लोकांच्या टाकीतल्या गोगलगायी खाण्यासाठी सह्याद्रीच्या ओढ्यांतले मासे गेले, असा त्याचा सरळ अर्थ काढणे अतिशयोक्ती ठरेल. ते दिसायला सुंदर म्हणूनही गेले. पण खाद्याचा डबा दोन चिमटी कमी करून सुटणाऱ्या प्रश्नासाठी नदीतून पकडलेला संकटग्रस्त मासा विकत घेणे, हा व्यवहार कुठल्याच बाजूने परवडणारा नाही. घ्यायचाच असेल तर पैदास केंद्रातला आहे का, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

दुकानांत मिळणारी ‘असॅसिन स्नेल’ ही आग्नेय आशियातली पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांची गोगलगाय दुसऱ्या गोगलगायी खाते. छोट्या टाकीत ती उपयोगी पडते आणि तिची वाढही संथ असते. पण तीही परकीय आहे, हे पुढच्या मुद्द्यासाठी लक्षात ठेवलेले बरे.

मग नेमके करायचे काय?

पहिले काम खाद्य कमी करण्याचे. दिवसातून एकदा, मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढेच. आठवड्यातून एक दिवस निरोगी, वाढलेल्या माशांना उपास घडला तरी चालतो. घरात खाद्य टाकण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे द्यावी. हे ऐकायला किरकोळ वाटते, पण प्रत्यक्षात सर्वाधिक फरक याच गोष्टीने पडतो. त्यासोबत आठवड्याला सायफन नळीने वाळूतला गाळ ओढून साधारण चतुर्थांश पाणी बदलावे आणि पिवळी पडलेली पाने कापून काढावीत.

दुसरे काम हाताने काढण्याचे. काकडीची जाड चकती किंवा उकळत्या पाण्यातून काढलेले कोबीचे पान दिवे मालवल्यावर एका बशीत ठेवून तळाशी सोडावे. पहाटे त्यावर गोगलगायी जमलेल्या असतात, बशी सावकाश वर उचलावी. हे रोज आठवडाभर, मग दोन-तीन दिवसांआड. ट्रम्पेट निशाचर असल्याने तिच्यासाठी रात्रीचा सापळाच खरा. काचेवरचे जेलीचे पुंजके जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडून काढता येतात. आज दिसणाऱ्या गोगलगायी काढल्या तरी आधीची अंडी फुटत राहतात, म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत काहीच बदलले नाही असे वाटते आणि नेमके इथेच लोक कंटाळून बाटलीकडे वळतात. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात.

तिसरे काम दाराशीच अडवण्याचे. नवी वनस्पती थेट टाकीत लावू नये. तुरटी घरात असतेच. लिटरभर पाण्यात एक ते दोन छोटे चमचे तुरटीची पूड विरघळवून त्यात वनस्पती दोन-तीन तास बुडवून ठेवली आणि मग भरपूर पाण्याने धुतली तर गोगलगायी बऱ्याच अंशी मरतात. एक भाग साधे ब्लीच आणि १९ भाग पाणी या द्रावणात दोन मिनिटे बुडवण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण वॅलिसनेरिया किंवा मॉससारख्या नाजूक वनस्पती त्यात होरपळतात. अ‍ॅन्युबियाससारख्या जाड पानांच्या टिकतात. नंतर अँटिक्लोरीन घातलेल्या पाण्यात धुणे आवश्यक. दोन्ही पद्धतींतून काही अंडी निसटू शकतात. त्यामुळे वनस्पती दोन-तीन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवून, रोज पाने उलटून पाहणे हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत भरवशाचा उपाय. प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाने वाढवलेल्या, बंद डबीतल्या वनस्पती महाग पडतात, पण त्यांच्याबरोबर गोगलगाय येत नाही.

सगळी टाकी उपसून, वाळू धुऊन नव्याने मांडणे हा शेवटचा आणि बहुधा अनावश्यक मार्ग. त्यात फिल्टरमधली उपयुक्त जिवाणूंची वसाहत संपते आणि स्पंजच्या घडीत राहिलेल्या एका पुंजक्यामुळे सगळे पुन्हा सुरू होऊ शकते.

शून्य गोगलगायी हे उद्दिष्टच मुळात तपासायला हवे. पाच-पंचवीस गोगलगायी टाकीत असणे हा आजार नाही. त्या उरलेले खाद्य आणि शेवाळ संपवतात, ट्रम्पेट वाळू हलती ठेवते. कल्ल्यांनी श्वास घेणारी ट्रम्पेट भरदिवसा घोळक्याने काच चढू लागली तर पाण्यातला प्राणवायू घटल्याची ती खूण असू शकते. मासे हापापण्याआधी मिळणारी ही सूचना फुकट आहे.

काढलेल्या गोगलगायी टाकायच्या कुठे?

या प्रश्नाचा विचार सर्वांत कमी होतो आणि टाकीबाहेरचे नुकसान इथेच सुरू होते. बादलीतले पाणी गटारात, जिवंत गोगलगायी इमारतीमागच्या नाल्यात, नकोशी टाकी गावाकडच्या विहिरीत. ‘जीव आहे, मारायचा कशाला’ ही भावना त्यामागे अनेकदा असते. टाकीतले प्राणी याच वाटेने पाणवठ्यांत पोहोचतात. शोभेसाठी आणलेला दक्षिण अमेरिकी सकरमाउथ कॅटफिश आज केरळ, आंध्र प्रदेश, पश्चिम बंगालसह अनेक राज्यांतल्या जलाशयांत मच्छीमारांची जाळी फाडतो आहे.

गोगलगायींच्या बाबतीत सर्वांत महागडा धडा आशियातल्या भातशेतीने घेतला. १९८० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली गोल्डन ॲपल स्नेल खाण्यासाठी म्हणून तैवानमध्ये आणली गेली. चव लोकांना रुचली नाही, धंदा बसला, गोगलगायी पाटाच्या पाण्यात गेल्या. पुढच्या काही वर्षांत फिलिपिन्ससह अनेक देशांत भाताची कोवळी रोपे खाणारी कीड म्हणून ती कुप्रसिद्ध झाली. स्पेनमध्ये एब्रो नदीच्या मुखप्रदेशातल्या भातशेतीत ती शिरल्यावर युरोपीय महासंघाने २०१२ मध्ये या गोगलगायीच्या संपूर्ण पोमासिया प्रजातिगटाच्या आयातीवर आणि प्रसारावर बंदी घातली. आपल्याकडे ‘ॲपल स्नेल’ किंवा ‘मिस्ट्री स्नेल’ म्हणून विकली जाणारी पिवळी-निळी गोगलगाय बहुधा याच गटातली, पण वेगळी आणि तुलनेने सौम्य प्रजाती असते. दुकानातल्या नावावरून मात्र दोघींतला फरक कळत नाही. आपली स्थानिक ॲपल स्नेल पायला ग्लोबोसा. तिचा या गटाशी नात्यापलीकडे संबंध नाही.

वनस्पतीबरोबर काय काय येऊ शकते, याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेतले. फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस सिएटलमधल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या एका कर्मचाऱ्याला शोभेच्या ‘मॉस बॉल’मध्ये झेब्रा शिंपला दिसला आणि त्याने सरकारी नोंदणीत तसे कळवले. काही दिवसांतच वीसहून अधिक राज्यांतल्या दुकानांत तेच आढळले. हे शिंपले जलवाहिन्या आणि वीजनिर्मिती केंद्रांचे पाइप तुंबवतात. तिथल्या यंत्रणेने तेव्हा दिलेली सूचना आपल्याकडेही उपयोगी आहे : संशयित वस्तू २४ तास गोठवावी किंवा किमान एक मिनिट उकळावी आणि मगच कचऱ्यात टाकावी, मोरीत नव्हे. गोगलगायींसाठी घरच्या फ्रीजरमध्ये घट्ट बांधलेली पिशवी एक दिवस ठेवून ती ओल्या कचऱ्यात देणे पुरेसे आहे. टाकीचे काढलेले पाणी नाल्याऐवजी कुंड्यांना घालावे. औषध घातलेले नसेल तर झाडांना ते चांगलेच मानवते.

माणसाला आजार होतो का?

गोड्या पाण्यातल्या काही गोगलगायी परोपजीवी चपट्या कृमींच्या वाहक असतात. महाराष्ट्राशी याचा थेट संबंध आहे. १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा या संशोधकांनी रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात मूत्रमार्गाच्या शिस्टोसोमियासिसचे स्थानिक केंद्र असल्याची नोंद केली. फेरिसिया ही काही मिलिमीटरची, टोपीसारख्या शंखाची गोगलगाय तिथे वाहक म्हणून पुढे आली. हाँगकाँगमध्ये १९७० च्या दशकात सापडलेली, याच रोगाची दक्षिण अमेरिकी वाहक गोगलगाय मत्स्यालयाच्या व्यापारातून आली असावी असे मानले जाते. रोग मात्र तिथे रुजला नाही. रॅम्सहॉर्न कुळातली आपली इंडोप्लॅनॉर्बिसही गुराढोरांच्या शिस्टोसोमाची वाहक आहे.

तरी घरातल्या टाकीबद्दल घाबरण्याचे कारण नाही. कृमीचे चक्र पुरे व्हायला बाधित माणसाचे किंवा जनावराचे मलमूत्र त्याच पाण्यात मिसळावे लागते, ते दिवाणखान्यात घडत नाही. काळजी घ्यायची ती तळ्यातून किंवा ओढ्यातून थेट उपटून आणलेल्या वनस्पती-गोगलगायींबाबत. तसे करूच नये. एरवी टाकीत हात घातल्यावर साबणाने धुणे आणि हातावर जखम असेल तर हातमोजा घालणे पुरेसे.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव (संरक्षण) कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीने कलम ६२अ आले आणि १ एप्रिल २०२३ पासून दुरुस्ती लागू झाली. वन्यजीवांना किंवा अधिवासाला धोका ठरणाऱ्या परकीय आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार, बाळगणे किंवा प्रसार यांचे नियमन वा मनाई करण्याचा अधिकार त्याने केंद्राला मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जैवविविधतेवरील आंतरसरकारी मंच ‘आयपीबीईएस’ने जाहीर केलेल्या अहवालात, जगभरात माणसाने ३७ हजारांहून अधिक परकीय प्रजाती नव्या प्रदेशांत नेल्या, त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक आक्रमक व घातक ठरल्या आणि २०१९ मध्ये त्यांचा आर्थिक फटका वर्षाला ४२३ अब्ज डॉलरच्या पुढे गेला, असे म्हटले आहे.

परदेशातून येणाऱ्या वनस्पतींना २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशाची चौकट आहे. पण कोलकात्याहून किंवा चेन्नईहून थर्माकोलच्या खोक्यात मुंबई-पुण्याला येणारी हायड्रिला-कॅबोम्बाची जुडी ही देशांतर्गत मालाची देवाणघेवाण असते. ती दुकानाच्या टाकीत पडते, तिथून पिशवीत आणि पिशवीतून घरी. या साखळीत पान उलटून पाहणारा पहिला माणूस बहुतेक वेळा ग्राहकच असतो. दुकानदाराने वनस्पती आठवडाभर वेगळ्या हौदात ठेवून विकल्या तर त्याचा खर्च वाढतो आणि शेजारचा स्वस्त विकतो, ही त्याची अडचण खरी आहे. शोभिवंत मत्स्यपालनाच्या योजनांतून अंगणातली आणि मध्यम आकाराची पैदास केंद्रे उभी राहत असताना, अनुदानाच्या अटींतच वनस्पती व माशांच्या विलगीकरणाचा एक हौद आणि सांडपाण्यावर बारीक जाळी बसवणे घातले, तर निदान नव्या केंद्रांमधून बाहेर पडणारा माल तरी स्वच्छ असेल.